झिलीसाठी राखलेली जागा

पाठशाळेला अनध्याय असला, म्हणजे त्या वास्तूत एक निराळी शांतता उतरत असे. एरवी पहाटेपासून विद्यार्थ्यांचे कंठ चालू असत. मी एक चरण उच्चारावा आणि समोरच्या पंक्तीने तो मला परत करावा, हा क्रम सूर्य कलेपर्यंत चाले. तो थांबला की त्या जाड मातीच्या भिंतींच्या आत आपल्याच श्वासाचा आवाज आपल्याला ऐकू येई. सांगलीत कृष्णेच्या काठाला इतकी निःशब्द जागा दुसरी नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणासाठी शके अठराशे बासष्टच्या मार्गशीर्षात, अशाच एका अनध्यायाच्या आठवड्यात, बाळासो माझ्याकडे आले.

बाळासो हे आमच्या पेठेतले ग्रामोफोनचे दुकानदार. देहाने स्थूल, स्वभावाने उदार, आणि नाट्यगीतांचे इतके वेडे की गिऱ्हाईक पैसे देत असतानाही त्यांची तान अर्धवट राहत नसे.

"शास्त्रीबुवा, पाठशाळेचा दिवाणखाना चार दिवस द्या," ते म्हणाले. "मुंबईच्या कंपनीचे ध्वनिमुद्रक त्यांचं यंत्र घेऊन येताहेत. तबकड्या इथंच घ्यायच्या."

"कोण गवई गाणार आहेत?"

बाळासो क्षणभर चाचरले. "गवई नाही. धनगर आहे. हरिपूरला माझ्या रानात मेंढरं बसलीत त्याची. गाणं त्याचंच, रचना त्याचीच. मी आजवर हजार तबकड्या विकल्या असतील, बुवा, पण असं काही माझ्या दुकानात नाही."

मेंढरे बसणे हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. कवठे महांकाळच्या बाजूला माळ कोरडा पडला की धनगरांचे कळप कृष्णेच्या काठाकडे सरकतात, आणि बागायतदार त्यांना आपल्या मोकळ्या रानात मुक्कामाला बोलावतात. लेंड्यांनी जमीन सकस होते. मोबदल्यात धनगराला धान्य मिळते. बाळासोंच्या भुईमूग काढून झालेल्या रानात यंदा अर्जुना कोळेकराचा कळप बसला होता. तिन्हीसांजेला कुत्री बांधून झाल्यावर तो एकतारी घेऊन गाऊ लागला, आणि बांधावर उभे असलेले बाळासो घरी जायचे विसरले. त्यांनी मुंबईला इतकी पत्रे धाडली की कंपनीने शेवटी होकार दिला. तोही एका तबकडीचा नव्हे, तर चार तबकड्यांच्या संचाचा. एका पुठ्ठ्याच्या वेष्टनात बांधलेल्या अशा संचाला कंपनीच्या भाषेत आल्बम म्हणत.

विश्वस्तांपैकी एक-दोघांनी नाके मुरडली. ज्या घरात वाणीची उपासना चालते, त्याचे दार वाणीच्या उपासकाला बंद ठेवता येत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले, आणि किल्ली बाळासोंच्या हाती दिली.

अर्जुना आला तो एकटा नव्हता. उंच, सडसडीत, चाळिशीकडे झुकलेला हा मनुष्य अत्यंत अल्पभाषी होता. दारातच त्याने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. त्याच्या मागून एक वृद्ध आले. पांढरे पटकूर डोक्याला, खांद्यावर काळी घोंगडी, आणि चेहऱ्यावर जत्रेला आलेल्या माणसाचे कुतूहल.

"हे माझे मामा. आकाराम मामा," अर्जुना म्हणाला. "माझी झील धरत्यात."

झील म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. मूळ गाणारा ओळ म्हणतो. साथीदार त्या ओळीची शेपटी उचलतो, ती आळवतो, लांबवतो, आणि परत गाणाऱ्याच्या हाती देतो. तेवढ्या अवधीत गाणारा पुढची ओळ मनात रचून घेतो. अर्जुनाच्या गाण्याला लिहिलेली संहिता नव्हती. मामा मागची ओळ आळवीत असत आणि तेवढ्या वेळात अर्जुनाच्या ओठांवर पुढची ओळ उमलत असे.

आईबाप लवकर गेलेल्या या भाच्याला आकारामांनी वाढवले होते, मेंढरे राखायला शिकवले होते, आणि तो पहिल्यांदा स्वतःची ओळ रचून बोलला तेव्हा त्याची पहिली झीलही त्यांनीच धरली होती. तेव्हापासून ती दुसऱ्या कोणी धरली नव्हती. परंतु अलीकडे म्हाताऱ्याच्या कानांनी साथ सोडली होती. जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. म्हणून अर्जुना मामांना शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसवी. ओळ संपत आली की तो आपल्या गुडघ्याने त्यांचा गुडघा हलकेच दाबी; मामा त्याच्या ओठांवर नजर ठेवून असत, आणि बरोबर त्या क्षणी शेपटी उचलीत.

मुंबईचे मुद्रक सकाळी आले. सर्व जण त्यांना साहेबच म्हणत. ते किडकिडीत, चष्मेवाले, आणि आपल्या यंत्राशी मातेच्या ममतेने वागणारे गृहस्थ होते. त्यांनी दिवाणखान्यात एकदा टाळी वाजवून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नाद घुमतो आहे. भिंतींवर काहीतरी जाड टाकावं लागेल. गाद्या, सतरंज्या, काहीही."

बाळासो गाद्यांच्या शोधात निघालेच होते; पण अर्जुनाने बाहेर जाऊन हाक मारली, आणि बाळासोंच्याच बैलगाडीतून हरिपूरच्या मुक्कामावरच्या साऱ्या घोंगड्या आल्या. अर्जुनाची बायको बयाबाई त्या घेऊन आली होती. ज्या भिंतींना आजवर केवळ मंत्रांचे श्रवण घडले होते, त्यांना तिने खिळ्याखिळ्याला घोंगडी पांघरून दिली. पुढे कितीतरी दिवस आमच्या दिवाणखान्यात लोकरीचा वास दरवळत होता, आणि विद्यार्थ्यांना तो आवडतही असे.

साहेबांनी रीत समजावून सांगितली. लाल दिवा लागला की गाणे सुरू करायचे. फिरत्या मेणाच्या जाड तबकडीवर सुई आवाजाची रेघ कोरत जाईल. एका बाजूला तीन मिनिटांहून थोडा अधिक काळ मिळेल. मध्ये खोकला नको, बोलणे नको. बयाबाई भिंतीशी पदर तोंडाला लावून बसली. मी दारापाशी उभा होतो. लाल दिवा लागला.

अर्जुनाने एकतारी छेडली आणि डोळे मिटले.

माळाच्या गं माथ्यावरी बाभळ एकली,
तिच्या सावलीला माझी मेंढी इसावली...

त्या आवाजात कसलाही अलंकार नव्हता. वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेल्या दगडासारखा तो होता. ओळ संपत आली, गुडघ्याने गुडघा दाबला, आणि आकाराम मामांनी शेपटी उचलली.

"मेंढी इसावली गं जीऽऽऽ!"

साहेबांनी दोन्ही कान झाकले. सुई उडाली, मेणाचा तुकडा निघाला, आणि पाठशाळेच्या आढ्यावरची कबुतरे भर्रकन बाहेर पडली. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो मनुष्य आवाज किती काढावा हे कसे जाणणार? माळावर, अर्ध्या कोसावरच्या कळपापर्यंत पोहोचावा म्हणून घडलेला तो कंठ होता.

"मामांना मागे बसवा," साहेब शांतपणे म्हणाले. मागे बसवले. गुडघा सुटला, आणि मामा दुसऱ्याच अक्षरावर उचलू लागले. दारापाशी नेले, तरीही सुई उडाली. उन्हे माथ्यावर येईपर्यंत मेणाच्या कितीतरी तबकड्या खरवडून बाजूला ठेवाव्या लागल्या.

शेवटी साहेबांनी अर्जुनाला बाजूला घेतले. त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, हे मला नमूद केले पाहिजे.

"अर्जुना, माझं ऐक. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यातला निम्मा वेळ तुझीच ओळ पुन्हा म्हणण्यात जातो. झील काढून टाकली तर तुझं दुप्पट गाणं बसेल. ही तुझी पहिली तबकडी आहे. तुला जास्त गाणी द्यायची आहेत, की त्याच ओळी दोनदा?"

युक्तिवाद खरा होता, आणि अर्जुनालाही तो खराच वाटत होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. इतकी वर्षे जे गाणे रात्रीच्या वाऱ्यात विरून जात होते, ते आता उरणार होते. जितके बसेल तितके उरणार होते.

"मामांना काय सांगू?" त्याने एवढेच विचारले.

मामांना सांगावे लागलेच नाही. ऐकू न येणारी माणसे चेहरे लवकर वाचतात. आकाराम मामा उठले, घोंगडी खांद्यावर टाकली, आणि साऱ्या दिवाणखान्याला दणाणून सोडणाऱ्या खणखणीत आवाजात म्हणाले, "माझा घसा लय बसलाय रं गड्या! आज माझ्यानं व्हायचं न्हाई!"

बयाबाईला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मामा बाहेर जाऊन ओट्यावर वहाणांच्या शेजारी बसले.

तेव्हा बाळासो पुढे सरसावले. त्यांना वाटले, झील हवीच असेल तर आपण आहोत ना. आयुष्यभर नाट्यगीते ऐकली ती कशासाठी? साहेबांनी प्रयोग म्हणून होकार दिला. अर्जुनाने ओळ म्हटली आणि बाळासोंनी "इसावली"वर अशी एक गिरकी घेतली, तिच्यातून अशी दुसरी काढली, की ती मेंढी माळावरून थेट रंगभूमीवरच अवतरली. खिडकीतून मामा पाहत होते. त्यांनी बयाबाईला खुणेने बोलावले.

"ह्यो शेठ कवाधरनं जांभया द्यायला लागलाय?" त्यांनी विचारले. ते कुजबुजले असे त्यांना वाटले. ऐकले मात्र सगळ्यांनी. सर्वांत मोठ्याने बाळासोच हसले, आणि तो विषय तिथेच संपला.

मग अर्जुना एकटा बसला. लाल दिवा लागला. त्याने पहिली ओळ म्हटली, संपत आली तसा त्याचा गुडघा आपसूक डावीकडे सरकला, रिकाम्या जागेला लागला, आणि तो थांबला. एकतारीवरचे बोट मात्र चालूच होते. मेणाची तबकडी फिरत होती. साहेब हातांनी खुणावत होते, पुढे, पुढे. पण अर्जुना मान किंचित तिरकी करून, ओळ परत येण्याची वाट पाहत बसला होता. ती येणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने डोळे उघडले आणि ओशाळला.

"चुकलो साहेब. सवय हाय."

"पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले, आणि पुन्हा तेच घडले. तिसऱ्या खेपेला त्याने दात आवळले आणि न थांबता गाणे म्हटले. बाभळीपासून कृष्णाकाठापर्यंत साऱ्या ओळी एका दमात, एकीच्या मागे एक. लाल दिवा विझला. साहेबांचा चेहरा खुलला.

"उत्तम. हे मेण मी वाजवून दाखवतो. वाजवलं की ते मुद्रणाला निरुपयोगी होतं, पण तुला ऐकवायलाच हवं. मग ह्याच चालीनं पक्कं घेऊ."

मेणातून अर्जुनाचा आवाज बाहेर आला. बयाबाईने हात जोडले. मी स्वतः देहावाचून वाणी प्रथमच इतकी जवळून ऐकत होतो, आणि माझ्या मनात जो पूज्यभाव दाटून आला तो शब्दांत मांडणे कठीण आहे. अर्जुना मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

"साहेब, ह्यो कोन पळतोय?" तो म्हणाला.

"कोण म्हणजे? तूच."

"न्हाई. ह्याच्या मागं कोनतरी लागलंय." त्याने मान हलवली. "माझं गानं असं पळत न्हाई. ओळ टाकली की ती कुनीतरी उचलायला पायजे. न्हाईतर ती भुईवर पडती आन् मी तिला तुडवून फुडं जातो. ह्ये बघा, तुडवतच गेलोय."

तो उठून ओट्यावर गेला. मी दारातच होतो, म्हणून पुढचे संभाषण मला ऐकू आले. आणि मामांना ऐकू जावे म्हणून अर्जुनाला मोठ्याने बोलावे लागत असल्याने ते बहुधा घाटावरही ऐकू गेले असेल.

"मामा, चला आत."

"मी कशाला? झकास म्हनतोस की एकला. त्वांड दिसत व्हतं मला."

"तुमी नसला तर न्हाई म्हनत."

"आरं येड्या," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला, "माझं वय बघ. कवातरी एकट्यानं म्हनायचंच हाय तुला. तवा काय गानं टाकून दिशील?"

"तवाचं तवा. आज तुमी हायसा."

"माझ्या वरडन्यानं त्येची सुई मोडती. त्यो बिचारा रडकुंडीला आलाय."

अर्जुना परत आत आला तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, मामा गानार न्हाईत. तुमची सुई मोडायची न्हाई. पर त्येंची जागा मी सोडनार. ओळ म्हनीन आन् थांबीन. मामाला जेवढा येळ लागतो तेवढा थांबीन. एकतारी चालू ठेवतो. मग फुडची ओळ."

साहेब थक्क झाले. "म्हणजे तबकडीवर रिकामी जागा? अरे, लोक पैसे देऊन घेणार. त्यांना वाटेल यंत्र बिघडलं. आणि तुझी निम्मी गाणी बाहेर राहतील, ती वेगळीच."

"ऱ्हाऊ द्या."

"आत्ता म्हणतोस. उद्या वाईट वाटेल."

"वाटंल की," अर्जुना म्हणाला. "आत्ताच वाटतंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. बहुधा त्यांची अपेक्षा अशी असावी की या वयस्कर शास्त्र्याने दोन समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात. मी म्हणालो, "या दिवाणखान्यात मी रोज एक चरण म्हणतो आणि मग थांबतो. माझ्या थांबण्याला रिकामी जागा आजवर कोणी म्हटले नाही. तिथे विद्यार्थी असतात. असे विद्यार्थी तुमच्या तबकडीभोवती असतील की नाही, ते मात्र मला ठाऊक नाही."

"हाच तर प्रश्न आहे, शास्त्रीबुवा," साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले. ते वाकडे वागणारे नव्हते. फक्त त्यांना कंपनीला उत्तर द्यावे लागणार होते. शेवटी ते म्हणाले, "एक मेण अजून खराब करतो. मग ठरवू."

अर्जुना बसला. या वेळी मामांना आत आणून यंत्रापासून दूर, बयाबाईजवळ बसवले होते, आणि गाऊ नये म्हणून बयाबाईने त्यांच्या तोंडावर विनोदाने आपला हातच ठेवला होता. अर्जुनाने ओळ म्हटली.

कृष्णाबाईच्या काठाला चाललो कळपात,
आठवतो माळ मला परक्या गावात...

आणि थांबला. एकतारी एकटीच बोलत राहिली. त्याची नजर मामांकडे होती. मामांचे ओठ बयाबाईच्या तळव्याखाली हलत होते. ते मिटले तेव्हा अर्जुनाने पुढची ओळ उचलली. असे करीत गाणे पूर्ण झाले.

साहेबांनी मेण वाजवायला घेतले. अर्जुनाने मामांचा हात धरून यंत्राच्या लाकडी पेटीवर ठेवला. म्हाताऱ्याने आधी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. पेटी थरथरत होती. ओळ संपली तसा थरथराट पातळ झाला, केवळ तारेचा उरला, आणि आकाराम मामांनी कोणी न सांगता शेपटी उचलली.

"परक्या गावात गं जीऽऽऽ!"

आता सुई मोडण्याचे भय नव्हते. तो बुलंद स्वर घोंगड्यांवर आपटून दिवाणखानाभर पसरला, आणि तो ओसरता ओसरता, अगदी नेमक्या ठिकाणी, पेटीतून अर्जुनाची पुढची ओळ निघाली. मामांचे डोळे विस्फारले. त्यांनी पेटीकडे पाहिले, मग समोर तोंड मिटून उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहिले.

"आरं," ते म्हणाले, "तू हितं गप, आन् तू ह्यात माझ्यासाठी थांबलायस!"

साहेबांनी नवे मेण यंत्रावर चढवले, आणि बाळासोंना म्हणाले, "कंपनीनं विचारलं तर सांगा, मुद्रकाला घड्याळ कळत नव्हतं."

त्या चार दिवसांत आठही बाजू त्याच रीतीने मुद्रित झाल्या. बाहेर राहिलेली गाणी अनेक होती. त्यांतले एक, आपल्या आईवर रचलेले, अर्जुनाला विशेष प्रिय होते. ते बसेना. त्याने ते निघण्याच्या दिवशी पाठशाळेच्या ओट्यावर बसून, झिलीसह, पूर्ण म्हटले. आणि मेंढरे घेऊन पुढच्या रानाकडे निघून गेला.

संच बाजारात आला तेव्हा पहिले काही महिने बाळासोंच्या दुकानात तक्रारीच अधिक आल्या. शहरातील रसिकांना वाटे, मध्येच गायकाचा आवाज पुसला गेला आहे. एका वकिलांनी तर तबकडी पुसून पुसून तिच्यावर ओरखडे पाडले. बाळासो प्रत्येकाला बसवून, तबकडी लावून, त्या जागेत स्वतः झील धरून दाखवीत. तिच्यात तान घेण्याचा मोह त्यांना आवरत नसे, हे मी ऐकले आहे. काहींनी पैसे परत मागितले, काहींनी तबकडी ठेवून घेतली. मुंबईहून दुसऱ्या संचाचे बोलावणे आले नाही.

दुसऱ्या वर्षी माघ महिन्यात मी साताऱ्याजवळ क्षेत्र माहुलीला गेलो होतो. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर काही दिवस अनुष्ठानात घालवावे असा संकल्प होता. तिथे हंबीरराव नावाच्या एका बागायतदारांनी मला आग्रहाने आपल्या मळ्यावर नेले. हे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा त्या वेळी युद्धावर होता. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या त्यांच्या रानात मेंढरे बसली होती, आणि ओसरीवर एक ग्रामोफोन होता. त्याच्या शेजारी तो पुठ्ठ्याचा संच पाहून मला विलक्षण आनंद झाला.

"आवं शास्त्रीबुवा, ही तबकडी मी परत द्यायला निघालो व्हतो," हंबीरराव सांगू लागले. "म्हनलं, दुकानदारानं फसवलं. निम्मी कोरीच हाय."

"आन् मी म्हनलं," त्यांच्या पत्नी विजयमाला आतून म्हणाल्या, "पलटनीत नुसतं हुकूम ऐकायला शिकलासा, उत्तर द्यायला न्हाई. त्यो गडी आपल्यासाठी थांबलाय, एवढं बी कळंना?"

"तवापासनं आमच्या घरात चुलीपासल्या बायका बी झील धरत्यात. मी सोडून," हंबीरराव म्हणाले. "माझ्या झिलीनं बैल बुजत्यात."

दिवेलागणीला धान्य न्यायला मुक्कामावरचे लोक आले. पुढे अर्जुना होता, आणि त्याच्या हाताला धरून आकाराम मामा. वर्षभरात म्हातारा बराच खंगला होता. मला ओळखून त्यांनी पायांना हात लावायचा प्रयत्न केला. मी त्यांना उठवले. आपल्या रानात बसलेला धनगर हाच तबकडीतला गायक आहे, हे हंबीररावांना आजच कळत होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तबकडी लावायला धावले.

मामांना पेटीशेजारी बसवले. त्यांनी लाकडावर हात ठेवला. घरातले सारे ओसरीवर जमले, परंतु कोणी झील धरली नाही. त्या जागेचा धनी समोर बसला होता. बाभळीची ओळ आली, संपली, आणि मामांनी शेपटी उचलली. स्वर तोच होता, पण दम तो राहिला नव्हता. पूर्वी एका श्वासात जे होई त्याला आता दोन लागत. दुसरा श्वास घेईपर्यंत पेटीतला अर्जुना पुढची ओळ म्हणून मोकळा झाला होता.

मामा थांबले. त्यांनी हात काढून घेतला.

"ह्यो पळतोय," ते हळू म्हणाले. "माझा अर्जुना पळत न्हाई."

हंबीरराव उगाच घसा खाकरत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मामा, चहा घ्या जरा."

अर्जुना पुढे झाला. त्याने सुई उचलून पुन्हा आरंभी ठेवली आणि मामांचा हात धरून पेटीवर टेकवला. ओळ संपली. मामांनी उचलली, आणि त्यांचा पहिला दम संपता संपता अर्जुनाने फिरत्या तबकडीच्या कडेला एक बोट लावले. तबकडी मंदावली, एकतारीचा सूर खोल खाली उतरत गेला, आणि थांबला. मामांनी सावकाश दुसरा श्वास घेतला, शेपटी शेवटपर्यंत नेली, आळवली, खाली ठेवली. मग अर्जुनाने बोट काढले. पेटीतून आधी रेड्यासारखा एक हंबरडा निघाला, तो चढत चढत माणसाचा झाला, आणि पुढची ओळ आपल्या जागी येऊन बसली.

"आरं, यंत्र बिघडंल!" हंबीररावांच्या तोंडून निघून गेले.

"बिघडू द्या," विजयमाला म्हणाल्या.

मामांना यांतले काही ऐकू आले नाही. त्यांच्या तळहाताखाली लाकूड थरथरत होते, आणि ते प्रसन्न मुद्रेने पुढच्या ओळीची वाट पाहत होते. ती बाजू संपेपर्यंत अर्जुनाचे बोट तबकडीच्या कडेपाशीच होते.